जिंकून देणारी खोड

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं' ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारिली असेल, त्यानें दुसऱ्याची खोड मोडण्याचा प्रयत्न केला असावा, स्वतःची मोडण्याचा नव्हे, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. दुसऱ्याची खोड पाहिली म्हणजे ती त्यानें हटानें धरून ठेवली आहे असें दिसतें. स्वतःची पाहूं गेलें म्हणजे पहिली अडचण ही येते कीं ती दिसतच नाहीं. नीतिशास्त्रावरील ग्रंथांत संवयीचा विचार येतो तो बहुधा व्यसनांच्या अंगानें येतो. मद्य, जुगार, असत्य भाषण हीं वाईट आहेत हें तीं करणाऱ्यासही ठाऊक असतें, आणि मग प्रश्न काय तो मनोनिग्रहाचा उरतो. परंतु ज्या संवयीच्या बळावर मनुष्य आजवर जिंकत आला, ती वाईट आहे हें त्यास कोणीं आणि कसें पटवावें? आणि पटल्यावर ती सोडण्याचें कांहीं बंधन त्याजवर आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी आम्हांवर आली ती कोणत्याही ग्रंथामुळें नव्हे. ती आली आमच्याच दिवाणखान्यांत, आणि अशा एका खेळामुळें कीं त्याचें नांव या पानांवर पाहून कांहीं वाचक भिंवया उंचावतील.

गेल्या दिवाळींत डोंबिवलीचा आमचा भाचा फडके रोडवरील पहांटेची गर्दी आटोपून दुपारीं ठाण्यास आमच्याकडे आला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला. येतांना त्यानें आपलें व्हिडिओ-गेमचें यंत्र आणलें होतें. तो आणि आमचे चिरंजीव, दोघेही विशीच्या आंतबाहेरचे, रात्रंदिवस त्यावर मारामारीचा खेळ खेळत बसत. ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या नांवाची एक पट्टी वर दिसते. मार बसेल तसतशी ती आखूड होत जाते, आणि जिची पट्टी आधीं संपली ती बाजू हरली. ठोसा, लाथ, उडी, बचाव आणि पकड हीं मुख्य आयुधें. बचाव धरला असतां ठोसा अडतो, पण पकड अडत नाहीं. पकड घालावयास पुढें सरसावलेल्यास ठोसा आधीं लागतो. प्रत्येक आयुधास दुसरें उत्तर आहे आणि कोणतेंही एक आयुध सर्वांस पुरे पडत नाहीं. 'स्ट्रीट फायटर' या मालिकेचा दुसरा खेळ १९९१ सालीं निघाला तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला आणि पुढें त्याच्या स्पर्धा होऊं लागल्या.

आम्ही आजवर याची गणना रिकामटेकड्यांच्या उद्योगांत करीत आलों होतों. परंतु घरांत दहा दिवस एकच गलका चालूं असतां त्याकडे पाठ फिरवून बसणें कठीण. एके संध्याकाळीं आम्हीही हातांत यंत्राची मूठ घेतली. 'वयाचा कांहीं विचार करा,' असें सौभाग्यवतींनीं आंतून सुचविलें. त्यावर चिरंजिवांनीं उत्तर दिलें कीं, २०२३ सालीं चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेथें हाच खेळ पदकासाठीं खेळला गेला, आणि सुवर्णपदक मिळविणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू हा ४४ वर्षांचा होता. आम्ही त्याहूनही दहा वर्षांनीं मोठे, हें त्यानें सांगितलें नाहीं, यांत त्याची पितृभक्ति दिसून आली.

पहिल्या दिवशीं आम्ही बरेच डाव जिंकलों. प्रतिस्पर्धी म्हणजे एकदां यंत्र स्वतः, आणि दुसऱ्यांदां खालच्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशीं भाच्याशीं गांठ पडली आणि आम्ही ओळीनें सगळे डाव हरलों. हरण्याचें दुःख नव्हतें. कोडें मात्र होतें, कीं हा मुलगा फारशी हालचालही न करतां आम्हांस लोळवितो कसा. तेव्हां चिरंजीव म्हणाले,

'बाबा, तुम्ही खालीं पडलांत कीं उठतां उठतां लाथ मारतां.'

'कधीं कधीं मारीत असेन,' आम्ही म्हणालों.

'कधीं कधीं नाहीं. दर वेळीं.'

आम्हीं हें साफ नाकारलें. तेव्हां त्यानें यंत्रांत आपोआप नोंदलेला शेवटचा डाव पुन्हा पडद्यावर लावला. तो पाहणें मोठें लाजिरवाणें होतें. आम्ही अकरा वेळां पडलों होतों आणि दहा वेळां उठतांना लाथ मारली होती. अकराव्या वेळीं तरी मारली नव्हती ना, असें विचारतां, अकराव्या वेळीं तुमचें बटण चुकलें, असें उत्तर मिळालें. भाचा काय करीत होता तेंही आतां दिसलें. आम्ही पडलों कीं तो बचाव धरून शांतपणें उभा राही, आमची लाथ वांया जाऊं देई, आणि मग आमचा पाय हवेंत असतां आम्हांस झोडपी. त्याला आमच्याशीं खेळावेंच लागत नव्हतें; आमच्या लाथेशीं खेळलें कीं त्याचें काम भागत होतें.

येथें वाचक म्हणेल कीं यांत एवढें काय आहे. लक्ष द्यावें आणि लाथ मारूं नये. आम्हीही तसेंच म्हणालों. परंतु या खेळाची घडण अशी आहे कीं लक्ष देण्यास त्यांत वेळच नाहीं. पडद्यावरील चित्र दर सेकंदास ६० वेळां बदलतें. चपळ ठोसा बटण दाबल्यापासून अशा चार-पांच चित्रांतच येऊन लागतो. उलट, डोळ्यांनीं कांहीं पाहून बोट हलविण्यास चांगल्या तरुण माणसासही सेकंदाचा पांचवा हिस्सा, म्हणजे सुमारें बारा चित्रें लागतात. तेव्हां जलद ठोसा पाहून अडवितां येत नाहीं. तो येईल असा आधींच अंदाज करावा लागतो, आणि बाकीचें सारें बोटांच्या संवयीवर सोंपवावें लागतें. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळची लोकल पकडणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको. गाडी पुरती थांबण्याच्या आधीं हात दांड्याकडे गेलेला असतो. विचार करीत उभा राहणारा गृहस्थ फलाटावरच राहतो. संवय नसती तर मनुष्यास एक दिवसही धड काढतां आला नसता. म्हणून संवयी सोडा, असा सरसकट उपदेश करणारे लोक, आमच्या मतें, लोकलनें प्रवास करीत नसावेत.

मग ही एक लाथ वाईट कां? तिच्या ठायीं पाप नाहीं. दुसऱ्या कोणत्या वेळीं मारली असती तर ती उत्तम डाव ठरली असती. आणि ती आमच्या अंगीं आली कोठून हें पाहिलें तर मौज वाटते. पहिल्या दिवशीं तो नऊ वर्षांचा मुलगा आम्ही पडलों कीं आनंदानें आमच्या अंगावर धांवून येई; उठतांना मारलेली लाथ त्यास दर वेळीं लागे. म्हणजे ही खोड आम्हांस पराभवानें लागली नाहीं. ती विजयानें लागली. अनुभव संपला तरी त्याचा संस्कार उरतो आणि पुढील कृतीस तोच वळण लावतो, ही गोष्ट योगशास्त्रानें फार पूर्वीं सांगितली आहे. परंतु आम्ही आजवर वाईट संस्कार वाईट कृत्यांपासूनच होतात असें धरून चाललों होतों. येथें एक बरें केलेलें, त्या वेळीं योग्यच असलेलें कृत्य मागें आपला ठसा ठेवून गेलें होतें. आणि समोरचा मुलगा बदलला आहे ही बातमी आमच्या अंगठ्यास कोणींच दिली नव्हती. ज्या खोडी सुटत नाहींत त्यांच्या मुळाशीं असा एखादा जुना विजय असतोच, असें नाहीं म्हणतां येणार. पण ज्या आपणांस खोडी वाटतच नाहींत, त्यांच्या मुळाशीं तो बहुधा सांपडेल.

चिरंजिवांनीं उपाय सांगितला तो एका वाक्याचा होता. 'पडल्यावर उठतांना कांहीं करूं नका, नुसता बचाव धरा. हरलांत तरी चालेल.' यांतील शेवटचे तीन शब्द आम्हीं त्या वेळीं सांत्वनाचे समजलों. ते उपायाचाच मुख्य भाग होते हें कळावयास दोन दिवस गेले.

निश्चय मस्तकांत होता आणि लाथ अंगठ्यांत. पहिल्या संध्याकाळीं तर निश्चय आठवे तो लाथ मारून झाल्यावर. दुसऱ्या संध्याकाळीं अंगठा कसाबसा आवरतां येऊं लागला. परंतु सारें लक्ष अंगठा आवरण्याकडे गेल्यामुळें बाकीचा खेळ इतका ढासळला कीं आम्ही त्या नऊ वर्षांच्या मुलाकडूनही हरूं लागलों. 'काका, आज मुद्दाम हरतां आहांत का?' असें त्यानें मोठ्या दयाळूपणें विचारलें. येथें खरी परीक्षा झाली. तो अजूनही पूर्वीसारखाच अंगावर धांवून येत होता. एका लाथेनें डाव आमचा झाला असता. आम्हीं ती मारली. डाव जिंकलों. आणि त्यानंतर तीन वेळां पडलों ते तिन्ही वेळां लाथ मारीत उठलों.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें मानसशास्त्रावरील आपल्या १८९० सालच्या ग्रंथांत संवयीवर एक प्रकरण लिहिलें आहे. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनीं तें पाठ केलें आणि पुढें शिकविलेंही. नवी संवय पक्की मुरेपर्यंत एकही अपवाद होऊं देऊं नये, हा त्याचा नियम प्रसिद्ध आहे. नियम खरा आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं अपवाद होतो तो आळसानें किंवा मोहानें, आणि झाला कीं मनुष्यास त्याची टोंचणी लागते. आमच्या अपवादाबद्दल आम्हांस टोंचणी लागली नाहीं. टाळ्या मिळाल्या. जेथें जुनी खोड प्रत्येक वेळीं बक्षीस घेऊन दारांत उभी राहते, तेथें नुसती इच्छाशक्ति काय करणार? अशा वेळीं बक्षिसाकडेच पाठ फिरवावी लागते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत आणि पतंजलीच्या सूत्रांत चंचल मनास आवरण्याचीं साधनें दोन सांगितलीं आहेत, अभ्यास आणि वैराग्य. तीस वर्षें वर्गांत आम्ही अभ्यासाचा अर्थ उत्साहानें सांगत आलों. वैराग्य हें अरण्यांत जाणाऱ्यांसाठीं असावें अशा समजुतीनें त्यावरून लवकर पुढें सरकलों. एका नऊ वर्षांच्या पोराशीं खेळतांना त्या दुसऱ्या शब्दाची प्रथमच गरज भासली. हा चालूं डाव गेला तरी चालेल, इतकें मनानें कबूल केल्याशिवाय अभ्यासास आरंभच होत नाहीं.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे, कारण येथवरची हकीकत फार सरळ वाटते. ॲरिस्टॉटलनें वांकडें लांकूड सरळ करणारांचा दृष्टांत दिला आहे. तें उलट बाजूस वांकवावें म्हणजे मध्यावर येतें. त्याप्रमाणें आम्ही उलट बाजूस इतके वांकलों कीं पडल्यावर उठतांना बचावाशिवाय दुसरें कांहीं करीतनासे झालों. लाथ गेली. दोन दिवस आम्हीं विजयोत्सव केला. तिसऱ्या दिवशीं भाच्याच्या ध्यानांत आलें कीं मामा आतां दर वेळीं बचावच धरतात. आणि बचावास पकड हें उत्तर आहे. तो सावकाश चालत येई आणि आम्हांस उचलून आपटी. म्हणजे आम्हीं एक खोड मोडली ती दुसरी जडवून. पाठ्यपुस्तकांत वाईट संवयीच्या जागीं चांगली संवय बसवावी असें सांगतात. परंतु जी दर वेळीं एकच उत्तर देते ती चांगली संवयही प्रतिस्पर्ध्यास तितकीच सोयीची असते. खरोखर परत मिळवावयाची होती ती उठतांनाची एक क्षणाची मोकळीक, ज्या क्षणीं समोर कोण आहे आणि तो काय करतो आहे हें पाहतां येईल. तो क्षण लाथेनें खाल्ला होता, पुढें बचावानें खाल्ला.

हा विचार मनांत घोळत असतां पडद्यावरील खोट्या मारामारीवरून आमचें मन आपल्याकडील खऱ्या कुस्तीकडे वळलें, आणि खाशाबा जाधव आठवले. त्यांचें चरित्र शाळेंतील मुलांस सांगतात तें चिकाटीचें उदाहरण म्हणून. आम्हांस त्यांत आतां निराळेंच कांहीं दिसूं लागलें आहे.

कऱ्हाडजवळील गोळेश्वर हें त्यांचें गांव. जन्म १९२६ चा. वडील स्वतः पहिलवान. पोर वाढलें तें तांबड्या मातींत. आखाड्याची माती ही साधी माती नसते. तींत तेल, ताक, हळद घालून ती मळलेली असते. हात घामानें निसटूं लागला कीं पहिलवान मूठभर माती घेऊन आपल्या व दुसऱ्याच्या अंगास लावतो. आणि जुनी निकाली कुस्ती म्हणजे घड्याळ नाहीं, गुण नाहींत. पाठ जमिनीस लागली तर हरला, नाहीं तर नाहीं. खालीं धरला गेलेला गडी तासभर दम धरून राहिला तरी त्यांत कमीपणा नाहीं, उलट कौतुकच होतें. गादीवरच्या कुस्तीचें सारेंच वेगळें. तेथें माती नाहीं, पाय वेगळा टेंकतो, कुस्ती ठराविक वेळांत संपते, आणि चितपट झाली नाहीं तर गुणांवर निकाल लागतो. मातीवर ज्यास धीर म्हणतात तोच गादीवर वेळ दवडणें ठरतो. आमच्या ओळखीचे कल्याणचे एक वयस्क पहिलवान सांगतात कीं, गादीवर प्रथम उतरले तेव्हां पकड निसटतांच त्यांचा हात आपोआप खालीं माती घ्यावयास गेला, आणि तेवढ्यांत ते पडले. हात मातीकडे जाणें ही खोड म्हणावयाची काय? उस्तादानें वर्षानुवर्षें शिकविलेली ती विद्या होती.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकसाठीं खाशाबा गेले तेव्हां असल्या गादीवरच्या, आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीची त्यांस संवय नव्हती. रीस गार्डनर नांवाच्या प्रशिक्षकाकडे त्यांची तयारी झाली. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याचें मस्तक काखेंत जखडून त्यास उलथून टाकावयाचें. गार्डनरनीं तो डाव टाकून द्यावयास लावलें नाहीं, त्याचाच उपयोग करून घेतला, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. शिकविणाऱ्याच्या अंगीं कांहीं एक तारतम्य लागतें. सारें जुनें खोडून काढावयास निघालेला शिक्षक विद्यार्थ्याचे हातपायच काढून घेतो. लंडनमध्यें खाशाबांनीं ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांस हरविलें, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले, आणि त्यांचा क्रमांक सहावा लागला. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें वरच्या वजनगटांत, म्हणजे ५७ किलोंच्या गटांत, त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक.

मधल्या चार वर्षांत त्यांनीं किती जोर काढले आणि किती बैठका मारल्या हें सर्व सांगतात. आमचें लक्ष जातें तें पैशांकडे. हेलसिंकीच्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका प्राध्यापकानें ही गोष्ट वाचून मान खालीं घालावी अशी ती आहेच. परंतु हेंही पाहावें कीं तें घर गहाण पडलें तें जिंकलेल्या माणसावर नव्हे. ज्याचा क्रमांक सहावा आला होता त्याच्यावर पडलें. लंडनचा पराभव हा शेवट न मानतां शिक्षणाचा खर्च मानण्यास कोणी तरी तयार होतें.

कारण वैराग्याचा उपदेश करणें सोपें आहे. तो परवडतो कोणास? ज्या पहिलवानाचा खुराक जत्रेंतल्या इनामावर चालतो, त्यास 'या हंगामांत हरलास तरी चालेल, डाव सुधार,' असें कोणत्या तोंडानें सांगावें? तो जुनाच डाव खेळणार आणि खेळावाही. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धा १९६१ पासून सुरूं आहेत. तींत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून अखेरीस दोहोंतील विजेत्यांची गांठ घालतात. बाहेरून हा नुसता नियमांचा घोळ वाटेल. पण मातीवर वाढलेल्या गड्यास एका रात्रींत गादीवर ढकलूं नये एवढी माणुसकी त्यांत आहे. तालमीची रचनाही पाहण्यासारखी आहे. तेथें पोरगा वस्तादाच्या देखत दिवसांतून दहा वेळां पाठीवर पडतो. त्याची कोणी दवंडी पिटीत नाहीं. हिशेब होतो तो मैदानांत. तालीम ही हरण्यासाठीं राखून ठेवलेली जागा आहे.

आमच्या महाविद्यालयांत अशी जागा उरली आहे काय, असा प्रश्न त्या रात्रीं आम्हांस पडला आणि झोंप लागेना. अपेक्षित प्रश्नांचीं उत्तरें घोकून गुण मिळविणारा मुलगा आम्ही दरवर्षीं पाहतों. त्याची ती खोड आहे हें आम्हांस कळतें, त्यासही कळतें. परंतु ती जिंकून देते; आणि ती जिंकून देईल अशी व्यवस्था आम्हींच केलेली आहे. पूर्वीं वर्षाच्या शेवटीं एकच परीक्षा असे. ती जुलमी होती खरी, पण तोंवर दहा महिने मुलगा चुकण्यास मोकळा होता. आतां अंतर्गत मूल्यमापनाच्या नांवाखालीं प्रत्येक चाचणी, प्रत्येक निबंध, प्रत्येक तोंडी उत्तर गुणपत्रिकेंत जमा होतें. सगळेंच मैदान झालें. तालीम राहिली नाहीं. मग मुलें नवा डाव शिकत नाहींत म्हणून आम्ही त्यांस आळशी म्हणतों.

तेव्हां जिंकून देणारी खोड सोडण्याचें बंधन मनुष्यावर आहे काय? खेळाडूपुरतें पाहिलें तर आम्ही म्हणूं, नाहीं. तो व्यवहाराचा प्रश्न आहे, ज्याचा त्यानें हिशेब करावा. परंतु समोरचा मनुष्य जेथें प्रतिस्पर्धी नसतोच, तेथें प्रश्नाचें स्वरूप पालटतें. तेथें जिंकणें हीच इजा असते.

हें वाक्य आम्हांस आपण होऊन सुचलें असतें तर बरें झालें असतें. सुचलें तें असें. एका रात्रीं खेळ संपल्यावर यंत्राची तार गुंडाळतां गुंडाळतां चिरंजीव म्हणाले, 'बाबा, तुमचं हें फक्त गेममध्येंच नाहीं.' काय फक्त गेममध्येंच नाहीं, असें आम्ही विचारलें. म्हणजे विचारूं लागलों आणि त्याचें उत्तर येण्यापूर्वीं, आपण वयोमानानें सावकाश शिकतों, अशा अर्थाचें कांहीं तरी बोलूनही टाकलें. तो हंसला आणि म्हणाला, 'हें बघा, आतांच मारलीत.'

तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्याचा हा संस्कार आहे. विद्यार्थी प्रश्न विचारण्यास उठतो; तीन शब्दांत त्यास काय म्हणावयाचें आहे तें कळतें; चौथ्या शब्दावर आम्ही उत्तर देऊं लागतों. दहांपैकीं नऊ वेळां अंदाज बरोबर ठरतो आणि वर्ग खूष होतो. हजरजबाबी म्हणून आमचा लौकिक आहे, आणि तो खोटा नाहीं. घरींही गेल्या वीस वर्षांत आम्ही एकही वाद हरल्याचें स्मरत नाहीं. 'तुमच्याशीं काय बोलायचं, तुम्हांला सगळं आधींच ठाऊक असतं,' असें सौभाग्यवती पुष्कळदां म्हणत, तें आम्हीं प्रशस्तिपत्र म्हणून जपून ठेवलें होतें. वीस वर्षांत हरलों नाहीं याचें कारण, पुष्कळ वर्षांत आमच्याशीं कोणी वाद घातलेलाच नव्हता, हें आतां ध्यानांत आलें.

आणखी एक गोष्ट आठवली. ऑगस्टपासून दोन वेळां तरी चिरंजिवांनीं आमच्या खोलीच्या दारांत उभें राहून 'बाबा, मला जरा सांगायचं होतं, कॉलेजचं' असा आरंभ केला होता. दोन्ही वेळां आम्हीं उत्तर दिलें होतें. त्यास अभियांत्रिकीचें शिक्षण सोडून दुसरीकडे जावयाचें आहे असा आमचा कयास होता, आणि त्यावरचें आमचें भाषण तयार होतें; पहिल्यानें तें अर्धें झालें, दुसऱ्यानें पुरें. दोन्ही वेळां तो 'बरं' म्हणून निघून गेला होता. आम्ही जिंकलों होतों.

पुढील हकीकत त्याच्या परवानगीनें लिहीत आहों. भाचा गेल्यानंतरच्या रविवारीं आम्ही दोघे संध्याकाळीं तलावपाळीवर फिरावयास गेलों. कौपिनेश्वराच्या बाजूनें निघून मासुंदा तळ्याच्या कडेकडेनें गडकरी रंगायतनापर्यंत आलों तरी कोणीच बोललें नाहीं. मग त्यानें आरंभ केला, तोच पूर्वीचा, 'कॉलेजचं जरा सांगायचं होतं.' उत्तर घशापर्यंत आलें. अंगठा आवरण्याची थोडी संवय झाली होती ती येथें उपयोगी पडली. तो दोन वाक्यें बोलून थांबला. संपलें असें वाटलें, संपलें नव्हतें. तळ्यांतल्या होड्यांकडे पाहत तो पुन्हा बोलूं लागला. त्यास कॉलेज मुळींच सोडावयाचें नव्हतें. उन्हाळ्याच्या परीक्षेंत तो दोन विषयांत नापास झाला होता, आणि जुलैमध्यें निकाल लागल्यापासून ती गोष्ट एकट्यानें वागवीत होता. आईस सांगितलें असतें तर तिनें आम्हांस सांगितलें असतें, म्हणून तिलाही सांगितलें नव्हतें. डोंबिवलीच्या भाच्यास मात्र ठाऊक होतें.

आमचें तयार भाषण दुसऱ्याच प्रश्नाचें होतें. या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पांच-सहा पावलें गेल्यावर त्यानें विचारलें, 'बाबा, तुम्ही कांहींच बोलत नाहीं?' खरें तें सांगितलें, कीं काय बोलावें तें सुचत नाहीं. त्यावर तो बराच वेळ बोलत राहिला. तळ्यास आमची दुसरी फेरी झाली, मग तिसरी. घरीं जेवणास उशीर झाला त्याबद्दल दोघांनींही बोलणीं खाल्लीं.

यंत्र भाच्यानें आमच्याकडेच ठेवलें आहे. दुसऱ्या दिवशीं रात्रीं चिरंजिवांनीं तें लावलें आणि आम्ही समोर बसलों. दोन डाव बरे गेले. तिसऱ्या डावांत आम्ही पडलों, आणि उठतां उठतां लाथ मारली.